सहा आकडे

पत्र आलं तेव्हा धान घरात गेलं होतं
आणि दवाखान्याच्या पायरीवर दोघीजणी
आपला नंबर येईतो लाखोळीची भाजी खुडत बसल्या होत्या.
महिन्याला शंभरच्या वर जितक्या नोंदी संगणकात चढतील
तितके वीस-वीस रुपये, असं पत्रात होतं.
यादव कंपाउंडरनं चष्मा कपाळावर ढकलून हिशेब मांडला:
रोजचे तीस, बुधवारी बाजाराचे साठ...
"सायेब, इन्व्हर्टर निघते. वरचे टिनं बी निघते."
मी हो म्हटलं.
खोटं कशाला बोलू, देशाच्या आरोग्याआधी
मला गळकं छप्पर दिसलं.

तीस वर्षं यादवची लाल वही होती:
'कौतिका, नवेगाववाली. खोकला. नातू झाला.
पैसे पुढच्या बुधवारी.'
नव्या पडद्यावर पिनकोडला चौकट आहे,
नातवाला नाही.
तरी रोशनी भराभर टाइप करायची, एकोणीस वर्षांची पोर,
बारावीनंतर पहिलीच नोकरी.
दर नोंदीला यादव भिंतीवर खडूनं एक रेघ ओढायचा.

जानेवारीत कौतिका आली. पदराआड गाठ, बोराएवढी,
सहा महिने कोणाला न दाखवलेली.
मी नागपूरचं नाव काढलं.
ती म्हणाली, "जाईन. पण माया पोट्ट्याले सांगजो नोको.
तिकडं मिर्ची तोडाले गेला हाय,
सिझन सोडून येईल तो."
मी मान हलवली.
मान हलवायला कितीसा वेळ लागतो.

रोशनीनं आधार टाकलं. पडदा म्हणाला,
नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडे पाठवले आहेत.
मोबाईल कोणाचा?
घरात एकच होता तेव्हा,
तोच खम्ममच्या कुठल्याशा शेतात
पोराच्या खिशात वाजला.

भिंतीवर त्या दिवशी नव्व्याण्णव रेघा होत्या.
हे मी लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.
मीच म्हटलं, "लाव फोन."

"काहाचा नंबर आला हा?"
"दवाखान्यातून बोलते, दादा."
पलीकडे बाया हसत होत्या, कोणी शिंकत होतं.
मग तो आवाजापासून दूर गेला असावा.
"माय कशी हाय?"
रोशनीनं माझ्याकडे पाहिलं.
स्टुलावरून कौतिका नाही-नाही करत राहिली, हातानं.
फोनमध्ये हात दिसत नाही.
आम्ही तिघंही गप्प राहिलो, एवढंच,
आणि त्याला सगळं कळलं.
त्यानं आकडे सांगितले. एकेक. थांबून थांबून.
पडद्यानं हिरवी खूण केली:
'रुग्णाची संमती प्राप्त.'

तिसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला,
अंगावरच्या कपड्यांत इतकी मिरची की
बाकावरचे सगळे पेशंट शिंकू लागले,
एक म्हातारा तर हसत हसत.
पोरगा हसला नाही. मायकडे बघेना.
दोघं बल्लारशाच्या गाडीनं गेले,
नागपुरात फाईल न्यावी लागली नाही म्हणे,
नंबर टाकला की सगळं उघडलं.
हेही खरंच आहे. लपवत नाही.

अनुदान आलं. टिनं बसली.
यादीत ती शंभरावी होती, तिचे पैसे धरलेच नव्हते.
यादवला हे सांगितलं तर तो खडू शोधत राहिला.

उन्हाळ्यात कौतिका परत आली, केस गेलेले,
डोक्यावर लेकाचा गमछा.
माझ्याशी बोलली नाही. सरळ रोशनीसमोर बसली
आणि चंचीतून, सुपारीच्या खांडांमधून,
एक बटणाचा फोन काढला.
"हा नंबर टाक."
"आजी, आकडे वाचता येतील?"
"तेंदूचे पुडे मोजले मी जलमभर. आकडे येतात मले.
आता इथं पाठवजो.
सांगाचे का नाही,
मंग मी पायीन."